बेदाण्याचा पुठ्ठा

पहिल्यांदा वाटलं, माझंच मनगट गेलं.
रक्तपेढीच्या फाटकातून डावीकडे वळताना
चाक असं जड, जणू पलीकडून कुणी धरून बसलंय,
आणि बॉनेटखालून घूंऽऽ,
लांबट, कण्हल्यासारखं.
वळण संपलं की गप्प.

महिनाभर मी रेडिओचा आवाज वाढवत राहिले.

मालगाव रस्त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दस्तगीर शिकलगारनं आधी रेडिओ बंद केला.
"सकाळी जास्त का दुपारी?"
सकाळी.
"सरळ जाताना?"
नाही.
"जाग्यावर वळवून लावताना?"
तेव्हा तर रडतेच.
तो हसला नाही. मीही हसत नाही
खुर्चीतल्या रक्तदात्याला विचारताना:
जेवलात का, झोप झाली का, गोळ्या कसल्या चालू आहेत.

चाक पार टोकाला नेलं आणि लगेच सोडलं.
"टोकाला धरून ठिवायचं न्हाई मॅडम, पंपाचा जीव जातो."
मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला,
मूठ कानामागच्या हाडाला, टोक पंपाच्या अंगाला,
डोळे मिटलेले.
टायर ठोकणाऱ्या पोराला हातानंच थांबवलं.
"पट्टा असता तर चिरकला असता.
ह्यो चिरकत न्हाई. ह्यो तहानलाय."

डबीच्या झाकणालाच काडी.
पुसली, बुडवली, वर काढली:
खालच्या खुणेच्याही खाली नखभर ओल,
आणि तिच्यावर फेस, गुलाबी.
"तेलाच्या जागी वारा पितोय बगा. वरडंल न्हाई तर काय."

मग तेल ओता ना, मी म्हटलं.
"वततो की. पर हे पेट्रोल न्हवं, जळून संपाया.
ह्याचं कमी हुणं म्हंजे जाणं.
कुटं जातंय ते गाडीच सांगंल."
कोपऱ्यातला तासगावच्या बेदाण्याचा खोका फाडून
त्यानं पुठ्ठा हातात दिला.
रात्री गाडीखाली पसरा, सकाळी घेऊन या.

मी गुडघ्यांवर बसून पुठ्ठा सरकवत असताना
वॉचमन कोळेकर टॉर्च घेऊन आले:
मांजर व्यालंय का, ताई?

सकाळी, छापील द्राक्षांच्या घडाशेजारी
तीन ठिपके आणि एक ओघळ.
लाल.

बावीस वर्षं मी लाल बघतेय.
पिशवीतलं, नळीतलं, काचपट्टीवर पसरलेलं.
बोट लावलं: बुळबुळीत, जळकट वासाचं,
हे गोठणार नाही, कळत होतं.
तरी डावा हात कापूस शोधत खिशात गेला.

हिमोग्लोबिन सहा घेऊन बायका येतात,
जिना चढवत नाही म्हणतात, कामानं होत असेल म्हणतात.
त्यांच्या नवऱ्यांना मी दरडावते,
नुसती पिशवी चढवून भागत नाही हो,
कुठून जातंय ते बघा आधी.
आणि मी स्वतः गेल्या मार्चपासून
स्वतःचं बोट टोचलेलं नाही.

परतीच्या पाइपावरची क्लिप सैल होती.
साठ रुपयांची.
पुढची चाकं जॅकवर उचलून
दस्तगीरनं स्टिअरिंग सावकाश फिरवलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, कितीदा तरी,
डबीतले बुडबुडे एकेक फुटून थांबेपर्यंत.
मधेच चहा आला, निवला, त्यानं तसाच प्यायला.

"पंप वाचला?"
"आठ दिस ऐका. मग सांगतो."

आता फाटकाशी चाक एका तळव्यानं वळतं.
बारीक घूं अजून आहे,
किंवा मलाच ऐकायची सवय लागली आहे.
रेडिओ बंदच असतो.
पुठ्ठा टाकलेला नाही, डिकीत आहे,
आणि सोमवारच्या यादीत, सगळ्यात खाली,
मी माझंच नाव लिहून ठेवलंय.